किती देणार ते कळले, कोण ठरवणार ते लिहा

प्रति,
गोव्यातील सर्व राजकीय पक्षांच्या जाहीरनामा समित्यांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

चतुर्थी आटोपली की तुमच्या बैठका सुरू होतील. २०२७ च्या आरंभी विधानसभेची निवडणूक आहे आणि जाहीरनाम्यातले ‘आर्थिक धोरण’ हे प्रकरण कोणाच्या गळ्यात घालायचे यावर आताच खल चालला असेल. माझ्यासारख्या मतदाराला त्या बैठकीचे बोलावणे येत नाही, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितो आहे. एका पक्षाला नाही, सगळ्यांना. कारण या एका बाबतीत तुमच्यात डावे-उजवे करण्यासारखे मला फारसे काही सापडलेले नाही.

गेल्या खेपेची उजळणी करू. डिसेंबर २०२१ मध्ये तृणमूल काँग्रेसने घरातल्या एका महिलेला महिन्याला ५,००० रुपये देऊ म्हणून सांगितले. आम आदमी पक्षाने गृहिणींना महिन्याला मिळणाऱ्या गृह आधार योजनेच्या १,५०० चे २,५०० करू, आणि ज्यांना ते मिळत नाहीत त्या बायकांना १,००० देऊ असे जाहीर केले. बाकीच्यांनीही आपापल्या परीने बोली वाढवली. मतमोजणी झाली तेव्हा पाच हजारवाल्यांच्या पदरात ४० पैकी एकही जागा पडली नव्हती. आमच्या बायका हिशेबाला पक्क्या आहेत. चतुर्थीला माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचा, बाजार करणाऱ्या बाईला खरा भाव कुठला आणि थाप कुठली हे सांगावे लागत नाही. तरीही यंदा तुम्ही पुन्हा आकड्यावरच अडून बसणार, अशी मला धास्ती आहे.

गैरसमज नको. ‘रेवडी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने सवलती सोडायला तयार असलेल्या कंपन्यांचा प्राप्तिकर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. त्याआधी २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर मोडीत काढला. तेव्हा रेवडी हा शब्द कोणाच्या तोंडी आला नाही. साबणाच्या वडीवर मजुराने आणि त्याच्या मालकाने सारखाच जीएसटी भरायचा, आणि मजुराच्या बायकोला दीड हजार दिले की खजिना बुडाला म्हणून बोंब मारायची, हे ढोंग आहे. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या दोन हजारांवर किती म्हाताऱ्या माणसांची औषधे चालतात हे कुठल्याही फार्मसीवाल्याला विचारा.

माझे म्हणणे त्या पैशांविरुद्ध नाही. ते ज्या वाटेने येतात आणि ज्या दाराशी माणसाला उभे करतात, त्याबद्दल आहे. आणि ते नीट सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

१९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा इथल्या बहुतेक कष्टकऱ्यांची घरे भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत होती. राबायचे भाटकाराच्या शेतात, राहायचे भाटकाराच्या भाटात. नारळ पाडायला हाक आली की जायचे, लग्नकार्यात त्याच्या घरी पाणी भरायचे. उलटून बोलले तर छप्पर जायचे. अशा माणसांच्या हाती १९६३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा विधानसभेची मतपत्रिका आली. शहाण्यासुरत्यांचा अंदाज होता की कुळे आणि मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर असलेले) पात्रांव, म्हणजे मालक, सांगेल तिथे शिक्का मारतील. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला सत्तेवर बसवले आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. भाऊ स्वतः खाणमालक होते, हेही विसरू नये. पण मते कोणाची आहेत हे त्यांना ठाऊक होते. १९६४ मध्ये कूळ कायदा आला. भाऊंनंतर शशिकलाताई काकोडकरांच्या काळात, १९७५ मध्ये, मुंडकारांना घरातून हुसकण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला, आणि १९७६ मध्ये कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती होऊन कसणारा तो मालक ठरला.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी मत, मग कायदा. भुकेल्या माणसाला लोकशाही परवडत नाही, आधी विकास होऊ द्या, मतांचे नंतर बघू, असे सांगणारे पंडित जगभर आहेत. आमच्याकडे नेमके उलटे घडले. छप्पर दुसऱ्याच्या मेहरबानीवर असताना माणसांनी धाडस करून मत दिले आणि त्या मतांनी त्यांना छपराचा हक्क मिळवून दिला. हक्क मिळाल्यावर पुढचे मत देताना धाडसाची गरज उरली नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असा विसंगतीचा संसार आपण सुरू करतो आहोत, आणि ही विसंगती फार काळ ठेवली तर ज्यांना ती सोसावी लागते तेच राजकीय लोकशाहीचा डोलारा उडवून देतील. गोव्याने ती विसंगती निदान अर्धी मिटवायला घेतली होती. पुढे काय झाले?

माझ्या नात्यातली एक मावशी आहे. तालुक्याचे नाव घालत नाही, कारण ज्या कचेरीविषयी सांगणार आहे ती कुठल्याही तालुक्याची असू शकते. मावशीचे घर नळ्यांचे, मातीच्या भिंतींचे, मागच्या पडवीवर ताडपत्री. काका हयात असताना मुंडकार म्हणून घर विकत घेण्याचा अर्ज घातला. कायदा सांगतो की पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत जागा घरासकट मुंडकाराला खरेदी करता येते. कागद साधा. पण भाटकाराचे वारसदार पोर्तुगाल, मुंबई, बेळगाव अशा ठिकाणी पांगलेले. एकाची नोटीस बजावली जाते, दुसऱ्याची पत्ता चुकीचा म्हणून परत येते, तोवर तिसरा मरतो आणि त्याचे वारसदार दाव्यात घालावे लागतात. कधी मामलेदार निवडणुकीच्या कामावर, कधी बदली, कधी तलाठ्याने पाहणी केली पण अहवाल घातला नाही. काका गेले, मावशी अर्जदार झाली. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नाव भाटकाराचेच. नळे बदलायला पंचायतीत गेली तर तिथे जमीनमालकाचा ना हरकत दाखला मागतात. हीच मावशी सामाजिक सुरक्षेच्या पैशांसाठी वर्षाकाठी हयातीचा दाखला बिनचूक नेऊन देते. ती जिवंत आहे याचा पुरावा सरकारला वेळेवर मिळतो. घर तिचे आहे याचा कागद मात्र सरकारकडून अजून यायचा आहे.

आता पाहा, दोन हजार आले नाहीत तर मावशी कुठे जाते? आमदाराच्या कार्यालयात. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, एक पोरगा वहीत नाव लिहून घेतो, फोन करतो, ‘मावशे, जातलें, भियेनाका’ म्हणतो. बहुतेकदा कामही होते. पोरगा वाईट नाही, आमदारही वाईट असेल असे नाही. पण ज्या पैशावर तिचा हक्क आहे तो पैसा मिळाल्यावर तिला कोणाचे तरी आभार मानावे लागतात, आणि निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात तोच पोरगा दारात उभा राहतो तेव्हा त्याच्या तोंडावर नाही म्हणायला तिची जीभ वळत नाही. तिचे सासरे भाटकाराच्या सोप्यावर टोपी हातात धरून उभे राहायचे. भाटकार गेला, सोपा राहिला.

१९७६ चा कायदा आणि आजची योजना यांतला फरक तुमच्या समितीने एवढाच टिपून घेतला तरी पुष्कळ झाले. त्या कायद्याने माणूस कोणाकडे जायचा थांबला. आजची योजना माणसाला कोणाकडे तरी धाडते. दोन्हींना आपण पुरोगामी धोरण म्हणतो.

म्हणून जाहीरनाम्यात रक्कम जरूर लिहा, पण तिच्याखाली हेही लिहा की पैसे महिन्याच्या अमुक तारखेला जमा झाले नाहीत तर जबाबदार अधिकारी कोण, त्याला उत्तर किती दिवसांत द्यावे लागेल, आणि अर्ज नामंजूर झाला तर लेखी कारण कोण देईल. आमदाराच्या शिफारशीला या साऱ्यात कुठेच जागा नसावी. आमदारांना हे आवडणार नाही, ठाऊक आहे. आणि मुंडकारांची प्रलंबित प्रकरणे किती, ती कुठल्या वर्षापर्यंत निकालात काढणार, त्यासाठी किती मामलेदार फक्त याच कामावर बसवणार, हे आकड्यांत लिहा. आकड्यांची तुम्हाला एवढी आवड आहे, तर ती इथे दाखवा.

आता जाहीरनाम्यातल्या आर्थिक प्रकरणात कधीच न येणाऱ्या गोष्टीकडे वळतो. गेल्या काही वर्षांत गोव्यात सर्वात मोठी संपत्ती कशातून निर्माण झाली? कारखान्यातून नाही, शेतीतून तर नाहीच. नकाशावरचा रंग बदलण्यातून. भाताचे शेत किंवा डोंगराची उतरण प्रादेशिक आराखड्यात हिरवी असते तोवर तिचा भाव एक, आणि ती वसाहतीच्या रंगात गेली की दुसऱ्या दिवशी भाव अनेक पट. मधल्या रात्रीत त्या जमिनीवर कोणी घाम गाळलेला नसतो. एक सही झालेली असते. अर्थशास्त्राची पुस्तके उघडायची गरज नाही. सार्वजनिक अधिकारातून खासगी खिशात संपत्ती जाण्याचा याहून सरळ रस्ता दुसरा नसेल.

आणि ही सही कोण करते, कोणाला विचारून करते? २०११ सालापर्यंतचा म्हणून केलेला प्रादेशिक आराखडा लोकांनी उधळून लावला आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो रद्द करावा लागला. त्यानंतर २०२१ सालापर्यंतचा आराखडा करताना नकाशे गावोगाव गेले, लोकांच्या सूचना घेतल्या गेल्या. कटकटीचे काम होते, भांडणे झाली, चुकाही राहिल्या. पण आपल्या गावाचा नकाशा प्रथमच टेबलावर पसरून पाहणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि कुठला ओहोळ कुठून वाहतो हे सरकारी माणसाला बोट ठेवून सांगणारी म्हातारी माणसेही. मग २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घातले गेले. आराखड्यात तुमच्या भूखंडाला ‘नजरचुकीने’ चुकीचा रंग लागला असेल तर अर्ज करा, खाते दुरुस्त करून देईल. नजरचुका इतक्या मोठ्या क्षेत्रात आणि नेमक्या डोंगरावर, शेतात कशा झाल्या हे विचारायचे नाही. ग्रामसभेचा त्यात संबंधच नाही. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले. तोवर २०२४ मध्ये रंग बदलण्यासाठी कलम ३९-अ आले होते, त्यात हरकती-सूचनांना तीस दिवस. राजपत्र रोज चाळणारे गावात कितीजण असतात, ते तुम्हीच सांगा.

मला जाहीरनाम्यात हे वाचायचे आहे: रंग बदलल्याने जमिनीच्या भावात जी वाढ होते तिच्यातला किती हिस्सा त्या गावाला मिळणार, आणि ग्रामसभेने नाही म्हटले तर काय होणार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असे असेल तर तसेही छापा. निदान फसवणूक तरी नको.

इथे मला ऐकू येते की गोंयकार प्रत्येक गोष्टीला विरोधच करतात, त्यांना विचारत बसले तर काहीच होणार नाही. ठीक. तपासून पाहू. केरीच्या पठारावर नायलॉन ६,६ चा कारखाना येणार होता; जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण गेला, मग कारखाना गेला. २००७ च्या अखेरीस विशेष आर्थिक क्षेत्रे गुंडाळावी लागली. जानेवारी २०२१ मध्ये सत्तरीतल्या शेळ-मेळावलीच्या बायका रस्त्यावर आडव्या झाल्या आणि आयआयटी तिथून हलवावी लागली. या तिन्ही वेळी लोकांना विचारले कधी गेले? निर्णय झाल्यावर. मेळावलीचे लोक शिक्षणाच्या विरोधात होते असे म्हणणाऱ्याने सत्तरीत एक दिवस राहून यावे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या काजूच्या भाटांवर ते जगतात ती त्यांच्या नावावर नाही. आल्वारा, मोकाशे (जुन्या काळच्या जमीन-देणग्या), सरकारी जंगल अशा नोंदींत त्यांचा हक्क अडकून पडला आहे. ज्याच्या हातात कागद नाही त्याला नुकसानभरपाईच्या यादीत जागा नसते, एवढे त्या बायकांना पक्के कळत होते. आधी जमिनीचा कागद दिला असता आणि मग येऊन बसून विचारले असते, तर उत्तर काय आले असते कुणास ठाऊक. कदाचित ‘नाही’ असेच आले असते. पण दगडफेक आणि लाठीमार झाला नसता.

न विचारता चांगले काम करू गेले तरी फसते, याचाही दाखला आपल्याकडेच आहे. जुलै २०२१ मध्ये भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक विधानसभेत घाईघाईने संमत झाले. तीस वर्षे राहणाऱ्याला घराच्या २५० चौरस मीटरपर्यंत जागेचा मालकी हक्क, अशी त्याची कल्पना होती. वरवर पाहता शशिकलाताईंच्या वारशाला शोभणारे. पण चर्चा नाही, निवड समिती नाही, विरोधक बाहेर. आदिवासी समाजाने ‘भूमिपुत्र’ हे नाव कोणाला लावता म्हणून विचारले, कोमुनिदादी, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्था, उठल्या, आणि जे विधेयक आणले ते सरकारलाच गुंडाळून ठेवावे लागले. त्याआधी २०१४ मध्ये कूळ कायद्यात दुरुस्ती करून कुळांची प्रकरणे मामलेदाराकडून दिवाणी न्यायालयांत नेली, अर्जाला मुदत घातली. ज्यांच्यासाठी कायदा आहे त्या कुळांना कोणी विचारले नव्हते. आरडाओरडा झाला आणि ती प्रकरणे परत मामलेदारांकडे आणावी लागली. मधल्या काळात फायली इकडून तिकडे फिरल्या, त्यात ज्यांची वर्षे गेली त्यांची गेली.

खाणींविषयी मी थोडक्यात लिहिणार होतो, पण तेवढ्यात भागत नाही.

पोर्तुगिजांनी दिलेल्या खाण सवलती १९८७ च्या केंद्रीय कायद्याने भाडेपट्ट्यांत बदलल्या. जमिनीखालचे खनिज जनतेचे, भाडेकरू ते काढणार आणि सरकारला रॉयल्टी देणार. ही रॉयल्टी लोहखनिजाच्या बाबतीत २००९ पर्यंत टनामागे तीस रुपयांच्याही आत होती. चीनने खरेदी सुरू केली, भाव आभाळाला भिडले, डिचोली-सांग्याच्या रस्त्यांवर ट्रकांची रांग तुटेना, आणि ज्यांच्या नावाने ती मालमत्ता होती त्या जनतेला टनामागे एक थाळीचे पैसे. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामावरचा न्या. शहा आयोगाचा अहवाल आला, त्यात सुमारे ३५,००० कोटींच्या नुकसानीचा अंदाज होता. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोव्हेंबर २००७ नंतर एकाही भाडेपट्ट्याला कायद्याचा आधार नव्हता. सरकारने त्याच जुन्या ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने तेही रद्द केले.

एवढ्या वर्षांत विधानसभेच्या किती निवडणुका झाल्या! दर वेळी ‘खाणी सुरू करणार’ हे आश्वासन होते. ‘खनिज कोणाचे’ हा प्रश्न एकदाही मतपेटीपुढे आला नाही. ट्रकमालक रस्त्यावर आले त्यांना मी दोष देत नाही. बँकेचा हप्ता, दारात उभा ट्रक आणि बार्जवरून घरी आलेला पोरगा, एवढे असताना कोणीही ‘खाण सुरू करा’ म्हणूनच ओरडेल. पण लोकांना एकाच धंद्याला असे बांधून ठेवायचे की तो कोणत्याही अटीवर चालू ठेवण्यासाठी त्यांनीच मालकाच्या वतीने मोर्चा काढावा, हीसुद्धा भाटकारीच झाली.

२०१४ च्या निकालात एक गोष्ट होती जिच्याकडे तुम्ही कोणीच वळून पाहत नाही. खनिजाच्या विक्रीमूल्याच्या दहा टक्के रक्कम कायम निधीत ठेवायची, पुढच्या पिढ्यांसाठी. खनिज एकदा गेले की पुन्हा उगवत नाही, त्यामुळे त्याचा पैसा हा चालू खर्चाचा पैसा नव्हे, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेतल्या अलास्का राज्याने तेलाच्या उत्पन्नातून १९७६ मध्ये असा निधी उभारला आणि १९८२ पासून प्रत्येक रहिवाशाला त्याचा वार्षिक हिस्सा मिळतो. श्रीमंत-गरीब भेद नाही, फॉर्म भरायचा तो आपण इथे राहतो एवढे सांगण्यापुरता. तो हिस्सा घेताना कोणाला ओशाळे वाटत नाही, कारण तेल आपले आहे हे ठरलेले आहे. गोव्याच्या माणसाला त्याच्या खनिजाचा हिस्सा आणि गृह आधारचे दीड हजार यांत काय निवडशील म्हणून विचारायचे नाही; दोन्ही द्या. पण पहिल्याचा हिशेब दरवर्षी विधानसभेपुढे आणि खाणपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामसभेपुढे ठेवू, एवढे एक वाक्य तरी जाहीरनाम्यात येऊ द्या. जिल्हा खनिज निधीतून कुठल्या गावात काय करायचे हेही त्या गावांनी ठरवायला हवे. धूळ त्यांनी खाल्ली आहे.

ग्रामसभा, ग्रामसभा असे मी पुन्हा पुन्हा म्हणतो आहे, तर ग्रामसभेचे खरे चित्रही पाहून घ्या. रविवारी सकाळी दहा-साडेदहा. सभागृहात खुर्च्या शंभर, माणसे पंचवीस. गणसंख्या नाही म्हणून अर्धा तास थांबायचे, लोक बाहेर चहा पिऊन येतात, मग तेवढ्याच माणसांत सभा सुरू. सचिव मागच्या सभेचे इतिवृत्त वाचतो, तेवढ्यात कोणीतरी उठून ‘म्हजें वाक्य घालूंक ना’ म्हणतो. मग दिव्याचे खांब, गटार, मोकाट गुरे, आणि शेवटी त्या मोठ्या बांधकामाचा विषय, जिथे सगळे एकदम बोलतात. ठराव होतो. ठरावाचे पुढे काय झाले हे तीन महिन्यांनी विचारले की उत्तर तयार असते: वर पाठवला आहे.

लोक येत नाहीत, त्यांना आस्था नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला वाटते लोक शहाणे आहेत. जिथे काही ठरत नाही तिथे रविवार कोण घालवील? त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याजोगे २९ विषय घातले. गोव्यात १९१ पंचायती आहेत. त्यांच्या हाती खरोखर काय आहे? घरपट्टी, कचरा आणि बांधकाम परवान्याचे शुल्क. यातल्या शेवटच्या गोष्टीवर थांबा. ज्या पंचायतीची मिळकत इमारतींच्या परवान्यांवर चालते तिने इमारतींना नाही म्हणावे अशी अपेक्षा आपण करतो. केरळने १९९६ मध्ये राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांना द्यायचे ठरवले, ग्रामसभांत बसून वॉर्डावॉर्डाने कामांच्या याद्या झाल्या. तिथेही सगळे आलबेल झाले नाही; पक्षाचे राजकारण शिरले, काही वर्षांनी उत्साह ओसरला. पण पैसा आल्यावर माणसे सभेला आली, हे तर खरे ना?

गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या १९६७ च्या जनमत कौलात आमचे वडील फुलाचे होते. १६ जानेवारीला विलीनीकरणाचे फूल हरले, दोन पाने जिंकली. घरात सुतक असल्यासारखे वातावरण होते म्हणे. पण वडील पुढे आयुष्यभर सांगत, आम्हाला विचारले तरी. थेट विचारले, आमच्या मतांची मोजणी केली, आणि हरलो. त्या पिढीला ही सवय होती. हरलेला माणूसही जिथे निर्णय आपला मानतो तिथे पुढचे काम करता येते. आज आपण कोणाला हरूही देत नाही, कारण विचारतच नाही.

जाता जाता आपल्याच लाडक्या कायद्याविषयी, नाहीतर म्हणाल हा फक्त आजच्या सरकारांना झोडतो. कूळ कायद्याने खाजन शेतीची जमीन कुळांना दिली, आणि तसे व्हायलाच हवे होते. पण खाजन म्हणजे फक्त वाफे नव्हेत. खाडीचे खारे पाणी थोपवणारा बांध आणि भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणारी मानस सांभाळली तरच वाफ्यात भात पिकते. पूर्वी ते काम गांवकारीच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या, व्यवस्थेत चालायचे. ती न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. गांवकार ठरवायचा आणि चिखलात दुसरा उतरायचा. कायद्यानंतर बांध कुळ संघटनांकडे आला. जमीन मिळाली, पण बांधाच्या दुरुस्तीसाठी पुरेसा पैसा मिळाला नाही, हिशेब तपासणारे कोणी नाही, काही ठिकाणी संघटनेच्या निवडणुकाच होत नाहीत. मानशीवरच्या मासळीचा लिलाव मात्र दरवर्षी होतो. मासळीला खारे पाणी लागते, भाताला गोडे. ज्यांच्या हातात लिलाव आहे त्यांना मानस कधी उघडी ठेवावीशी वाटेल हे वेगळे सांगायला नको. बांध फुटतो, पाणी शिरते, शेत पडीक होते, पडीक शेतात चिप्यांची (खारफुटीची) झाडे माजतात, आणि मग कोणीतरी विकत घ्यायला येतो. जमिनीचा हक्क कागदावर कुळाचाच असतो. कारभार ठरवायची जागा मात्र त्याच्या हातून कधीच गेलेली असते.

तेव्हा खाजनासाठी जाहीरनाम्यात ‘अनुदान वाढवू’ एवढेच लिहून सुटू नका. कुळ संघटनांच्या निवडणुका कोण घेणार, लिलावातले किती पैसे बांधावरच खर्च करण्याची सक्ती असणार, आणि पडीक ठेवलेल्या वाफ्याचा मालक मुंबईत असला तर संघटनेला तो कसायला देता येईल का, हे लिहा. तिसवाडीत, बार्देशात, सासष्टीत, आमच्या फोंडा महालातही ही शेते आहेत, तिथे मतदारही आहेत.

तुमचा मसुदा छापायला जाण्याआधी चार-दोन गावांत वाचून दाखवा अशी विनंती आहे. ग्रामसभेत नको, तिथे पक्षाचे काम चालत नाही आणि चालूही नये. पण ऑक्टोबरच्या ग्रामसभा संपल्यावर लोक सभागृहाबाहेर तासभर तरी उभे असतात, आणि आत जे बोलायचे राहिले ते बाहेर बोलतात. तिथे या. वाचून दाखवताना रकमेची पाने शेवटी ठेवा, नाहीतर बाकीचे ऐकायला तुम्हीच थांबणार नाही.

कळावे.

आपला,
फोंडा महालातला एक मतदार